माईकसमोरचा माणूस

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या समारंभात मी या व्यासपीठावर असतो. पण तो तिकडे, डाव्या कोपऱ्यात, हातात कागदांची चळत घेऊन. पाहुण्यांचे नाव पुकारायचे, हार कोणी घालायचा ते सांगायचे, बक्षिसे घेणाऱ्यांची यादी वाचायची आणि मध्येच वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत मोठ्या आवाजात लोकांना बसवून ठेवायचे, हे माझे काम. यंदा चिटणीस साहेब म्हणाले, "सर, नेहमी दुसऱ्यांची ओळख करून देता, यंदा तुम्हीच बोला." कशावर बोलू, असे मी विचारले. ते म्हणाले, "जे तुम्हांला येते त्यावर." मला येते ते इतकेच. म्हणून आज मी निवेदकाच्या कामाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. हा विषय आपल्या मुलांच्या शिक्षणाशी फारसा संबंधित नाही, असे सुरुवातीला वाटेल. थोडे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

मराठीत या कामाला वेगवेगळी नावे आहेत. रेडिओवर पुढच्या कार्यक्रमाची माहिती देतो तो निवेदक. बातम्या वाचतो तो वृत्तनिवेदक. मैदानावरचा खेळ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभा करतो तो समालोचक. मराठीत क्रिकेटचे समालोचन रुजवणाऱ्या बाळ ज. पंडितांचे नाव जुन्या पालकांना आठवत असेल. सभेचा धागा हातात ठेवतो तो सूत्रसंचालक. नावे निराळी, पण काम एकच: ज्याला काही सांगायचे आहे आणि ज्याला ते ऐकायचे आहे, त्या दोघांच्या मध्ये उभे राहणे. रेडिओ येण्याच्या कितीतरी आधी गावात दवंडी पिटणारा हेच करीत होता. मुशायऱ्यात नाझिम असतो, तोही हेच करतो. लखनौ विद्यापीठात उर्दू शिकवणारे मलिकजादा मंजूर अहमद हे २०१६ साली वारले. त्यांनी आयुष्यभर देशोदेशीच्या मुशायऱ्यांची निजामत केली. नाझिमाचे काम नीट पाहिले तर त्यात केवढा हिशेब असतो ते कळते. नवख्या शायराला आधी बोलवायचे, उस्तादाला शेवटी. पण नवखा अगदी थंड श्रोत्यांपुढे जाऊन पडेल असेही करायचे नाही. एखाद्याला दाद मिळाली नाही तर पुढच्याला पुकारण्यापूर्वी दोन वाक्यांत सभा पुन्हा जागी करायची. आणि हे सारे करताना स्वतः शायर असलो तरी ते विसरायचे. आपल्या घरात ही परंपरा आहे, आणि आपण मात्र मुलाला माईक दिला की सांगतो, "एखादा जोरदार शेर मार!"

मीही एकेकाळी शेर मारीत असे. त्याची शिक्षा कशी मिळाली ते सांगतो.

बी. एड. होऊन नोकरीला लागलो त्याच्या पहिल्याच वर्षी एका समारंभाचे सूत्रसंचालन माझ्याकडे आले. इमारत निधीला देणगी देणाऱ्यांची नावे वाचायची होती. यादी कोणीतरी घाईने हाताने लिहिलेली, संध्याकाळी पाच वाजता माझ्या हातात पडली. ती आधी वाचून पाहावी, हे मला सुचले नाही. माझे सारे लक्ष पाठ केलेल्या शेरांकडे. यादीत काही नावांपुढे नुसते 'म.' असे लिहिले होते. लिहिणाऱ्याच्या मनात 'मोहतरम' होते. मी जोशात 'मरहूम' वाचले. एक नाव झाले, दुसरे झाले. तिसऱ्या नावाला मी आवाज थोडा जड केला, क्षणभर थांबलो आणि मगफिरतीची दुआसुद्धा केली. तिसऱ्या रांगेतून एक वयस्क गृहस्थ काठी टेकीत उठले आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, अभी हूँ मैं."

सारा मांडव हसला. तेही हसले. मी मात्र त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो, तर त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले की दुआ फुकट जाणार नाही, कधी ना कधी कामाला येईलच. त्या दिवसापासून माझा नियम आहे: कोणाचेही नाव मी त्या माणसाला, नाहीतर त्याच्या घरच्याला विचारल्याशिवाय पुकारीत नाही. नाव कसे उच्चारायचे, वडिलांचे नाव लावायचे की नाही, हाजी म्हणायचे का, डॉक्टर म्हणजे दवाखान्याचे की पीएच. डी.चे, हे सगळे विचारून आपल्या अक्षरात, पुरे लिहून घेतो. आखूड रूपे लिहीत नाही. बक्षीस घ्यायला येणाऱ्या मुलीला आयुष्यात कदाचित एकदाच आपले नाव ध्वनिक्षेपकावरून ऐकायला मिळते. ते चुकीचे ऐकू आले तर बक्षीस अर्धे होते.

आता मी ज्यांच्यासाठी हा विषय निवडला त्या माणसाकडे येतो.

माझे अब्बा एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. ते सांगत की त्यांच्या तरुणपणी बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या दुकानासमोर माणसे उभी राहत, चहा पिणारी आणि न पिणारीही. दुकानदार रेडिओचा आवाज मोठा करी. रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' लागे, आणि त्या आवाजात "बहनो और भाइयो" हे शब्द ऐकू आले की पुढचा अर्धा-एक तास कोणी मोठ्याने बोलत नसे. अब्बांना बहिणी आधी आणि भाऊ नंतर याचे मोठे नवल वाटे. तो आवाज अमीन सयानी यांचा. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत वयाच्या ९१ व्या वर्षी ते वारले, तेव्हा अब्बांनी मला मुद्दाम फोन करून सांगितले, जणू नात्यातलेच कोणी गेले.

गीतमाला १९५२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. त्या काळी केंद्रात बाळकृष्ण केसकर हे नभोवाणी मंत्री होते. चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते, आणि आकाशवाणीवर त्या गाण्यांना जवळजवळ दार बंद झाले. केसकर स्वतः संगीताचे जाणकार होते. शास्त्रीय गायकवादकांना त्यांनी आकाशवाणीवर मानाने बसवले, हेही सांगितले पाहिजे. पण लोकांना जे ऐकायचे होते ते त्यांनी समुद्रापलीकडून, कोलंबोहून ऐकले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती कोलंबोला जात. पहिल्या कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली, असे सयानी सांगत. पुढे हा आकडा आठवड्याला साठ हजारांच्या वर गेला. विविध भारती निघाली ती १९५७ च्या ३ ऑक्टोबरला. पण गीतमालेची गोडी कमी झाली नाही. आधी सिलोन आणि नंतर विविध भारती असा चाळीस वर्षांहून मोठा तिचा प्रवास झाला.

हे तुम्हांला कोणीही सांगेल. मला सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे.

अमीन सयानींची घरची भाषा गुजराती. शिक्षण मुंबईला आणि काही वर्षे ग्वाल्हेरला. थोरले भाऊ हमीद सयानी इंग्रजीचे नामांकित प्रसारक. त्यांच्या बोटाला धरून हे लहानपणीच आकाशवाणीत गेले आणि इंग्रजी कार्यक्रमांतून बोलू लागले. पुढे हिंदीसाठी आवाजाची चाचणी दिली. तेव्हा सांगण्यात आले की वाचता चांगले, पण तुमच्या उच्चारांत गुजराती आणि इंग्रजी फार डोकावते. म्हणजे ज्या माणसाच्या हिंदुस्तानी बोलण्याची पुढे दोन पिढ्यांनी नक्कल केली, त्याला हिंदी बोलण्यासाठी आधी नापास केलेले होते. ही गोष्ट ते स्वतःच मुलाखतीत हसत सांगत.

मग ते शिकले कोठे? रेडिओच्या खोलीत थोडे, पण पाया घातला तो आईने. कुलसुम सयानी या बाईंचे नाव आपल्या मुलींच्या पाठ्यपुस्तकांत मला कधी दिसलेले नाही, आणि ही खंत मी येथे जाहीरपणे मांडतो. मुंबईच्या मोहल्ल्यांतून घरोघर जाऊन, पडद्यातल्या बायकांच्या स्वयंपाकघरात बसून, त्यांना अक्षरओळख करून देण्याचे काम या बाईंनी केले. प्रौढ नुकते वाचायला शिकले की त्यांना वाचायला सोपे असे काही हवे, म्हणून १९४० साली त्यांनी 'रहबर' नावाचे पाक्षिक काढले. गांधीजींचा त्याला पाठिंबा होता. भाषा एकच, साधी हिंदुस्तानी. लिप्या मात्र तीन: नागरी, उर्दू आणि गुजराती. ज्याला जी लिपी येते तीत त्याने वाचावे. वीस वर्षे ते चालले. त्याच्या कामात शाळकरी अमीन आईच्या हाताखाली असे. शब्द अवघड वाटला तर बदलायचा, वाक्य लांबले तर तोडायचे, आणि एकच मजकूर तीन लिप्यांत लिहिताना प्रत्येक अक्षराचा उच्चार नेमका काय, ते पाहायचे. लाखो लोकांना कळेल असे बोलण्याची यापेक्षा चांगली शाळा कोणती असेल?

त्यांना हिंदी बोलायची पहिली संधी मिळाली तीही गंमतीची आहे. एका जाहिरातीच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण चालू होते, निवेदक आलाच नाही, आणि समोर बसलेल्या मुलांपैकी कोणी वाचील का, असे निर्मात्याने विचारले. हे उठले आणि घसा ताणून ओरडले. निर्मात्याने कानावर हात ठेवले. मोबदला म्हणून आठवड्याला ओव्हलटीनचा एक छोटा डबा मिळे, असे ते सांगत.

ही हकीकत मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कारण माझीही एक चाचणी झालेली आहे. मी एकवीस-बावीस वर्षांचा असताना एका रेडिओ केंद्रावर नैमित्तिक निवेदकाच्या जागेसाठी गेलो. काचेच्या पलीकडे तीन परीक्षक, अलीकडे मी आणि माईक. कागदावरचे पहिलेच वाक्य वेळ सांगणारे होते. सकाळचे सात वाजून पाच मिनिटे झाली, अशा अर्थाचे. मी "सकालचे" म्हणालो. दोन ओळींनंतर "आता वेल झाली आहे" असे म्हणालो. परीक्षकांपैकी एकाने मान वर केली आणि हसून विचारले, "कसली वेल? जाईची की भोपळ्याची?" बाकीचे दोघेही हसले. मला पुढचे काहीच वाचता आले नाही. बाहेर पडताना त्यांच्यापैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला ते माझ्या कानांवर पडले: "यांचे मराठी असेच असते."

'यांचे' म्हणजे कोणाचे, ते मी विचारले नाही.

पालकहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरी दखनी किंवा उर्दू बोलली जाते त्यांना हा 'ळ' आणि 'ण' ठाऊक आहे. आमच्या घरात 'पानी' येत होते, 'पाणी' नव्हे. बाळाचा बाल होतो, नळाचा नल होतो आणि गाळ काढायला गेलेला माणूस गाल काढतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. जी जीभ ज्या अंगणात खेळली तेथली धूळ तिला लागणारच. पुण्याच्या माणसाला गझल वाचायला द्या, त्याचा 'ख़' आणि 'ज़' असाच घसरतो, आणि आपण तेव्हा त्याला हसतो. हेही कबूल करावे. पण लाज नसली तरी आळस चालत नाही. त्या परीक्षकाचे हसणे चुकीचे होते, आणि माझा 'ळ'ही चुकीचा होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला एक वर्ष लागले. वर्षभर मी फक्त हसण्यावर चिडत राहिलो आणि 'ळ' तसाच राहिला.

शेवटी आमच्या शेजारच्या आळीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका बाईंकडे गेलो. त्यांनी मला आरशासमोर बसवले. जिभेचे टोक मागे वळवून टाळूच्या मध्यावर टेकवायचे आणि तेथून सोडायचे; 'ल' दातांच्या मागे, 'ळ' वर टाळूला. पंधरा दिवस नुसते "आळ, ईळ, ऊळ" चालले. अम्मीला वाटले पोराला काही झाले. मग रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायचा. चूक झाली की बाई पेन्सिल टेबलावर आपटीत, बोलत काही नसत. तीन महिन्यांनी पेन्सिलीचा आवाज बंद झाला. फी विचारली तर म्हणाल्या, "मला आता उर्दूचे अलिफ-बे शिकव." तेही आम्ही केले. रेडिओकडे मी पुन्हा गेलो नाही. तोवर मास्तरकी गळ्यात पडली होती. आज आठवीच्या वर्गात मी पहिले पाच मिनिटे प्रकट वाचन घेतो ते त्या बाईंच्या पद्धतीनेच. माझ्याकडेही पेन्सिल आहे, मुले साक्षीला आहेत.

पण निवेदन म्हणजे शुद्ध उच्चार एवढेच नव्हे, हेही मुलांनी ध्यानात ठेवावे. उच्चार हा कपडा झाला. काय बोलायचे आणि कधी बोलायचे, हे त्याहून मोठे आहे. त्याची एक गोष्ट इतिहासात आहे, आणि ती आपण सर्वांनी माहीत करून घ्यावी अशी आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. फाळणीच्या जखमा अजून ओल्या होत्या. मारेकरी मुसलमान असावा अशी कुजबूज त्याच आवारात सुरू झाली होती. ती कुजबूज रात्रभर तशीच देशात फिरली असती तर सकाळी काय दिसले असते, याची कल्पना करवत नाही. सहा वाजता रेडिओने देशाला बातमी दिली, आणि तीत मारेकरी हिंदू आहे हे स्पष्ट शब्दांत सांगितले. बातमीदारीच्या नेहमीच्या नियमात मारेकऱ्याचा धर्म कशाला सांगायचा, असे कोणी म्हणू शकेल. त्या संध्याकाळी ते सांगणेच बरोबर होते. एका वाक्याने किती माणसे वाचली याची मोजदाद होत नाही. आणि तरीही, सत्य सांगायचे तर पुरे सांगावे म्हणून म्हणतो: पुढे मारेकऱ्याची जात कळल्यावर आपल्या महाराष्ट्रात निरपराध ब्राह्मणांची घरे जाळली गेली. शब्द एका घराची आग विझवतो आणि दुसऱ्या घराला लावतो.

याच्या उलट ३१ ऑक्टोबर १९८४. इंदिराजींवर सकाळी सव्वानऊच्या पुढे गोळ्या झाडल्या गेल्या. आकाशवाणीने त्यांच्या मृत्यूची बातमी सांगितली ती संध्याकाळी सहाला. तोपर्यंत बीबीसीवरून ती जगाला कळली होती आणि दिल्लीच्या रस्त्यांवर अफवा मोकळ्या फिरत होत्या. त्यानंतर शीख बांधवांची जी कत्तल झाली तिची कारणे या उशिरापेक्षा फार खोल आणि फार काळी आहेत. ती मी रेडिओवर ढकलीत नाही. पण अधिकृत आवाज गप्प बसला की बाजारातला आवाज मोठा होतो, एवढे त्यातून दिसते. त्या संध्याकाळी दूरदर्शनवर ही बातमी वाचली सलमा सुलतान यांनी. केसांत गुलाब खोवणाऱ्या या बाई आपल्या आयांना, आज्यांना आठवत असतील. आवाज कापू न देता असे वाक्य वाचणे म्हणजे काय, ते वाचून पाहिल्याशिवाय कळत नाही. बातमी काय द्यायची आणि कधी, हे निवेदक ठरवीत नाही. पण ऐकणाऱ्याला ती त्याच्याच तोंडून कळते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या मराठी वृत्तनिवेदकांतून स्मिता पाटील पुढे आल्या. प्रदीप भिडे यांनी तर कित्येक वर्षे मराठी बातम्या वाचल्या. २०२२ साली ते वारले. या मंडळींची एक रीत होती: बातमी वाचताना स्वतःचे मत चेहऱ्यावर येऊ द्यायचे नाही. आजच्या वाहिन्यांवर निवेदक भुवया, हात, मुठी सारेच वापरतो आणि चार पाहुण्यांना बोलावून पाचव्याचे काम स्वतः करतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने द्वेषमूलक भाषणांच्या प्रकरणात निवेदकाच्या भूमिकेवर बोट ठेवले, ते उगीच नव्हे. घरी संध्याकाळी मुलांसमोर असा कार्यक्रम लावणाऱ्या पालकांनी विचार करावा. आपल्या बाजूने ओरडणारा असला तरी तो ओरडणाराच.

आता यंत्रेही बोलू लागली आहेत. डीडी किसान वाहिनीने २६ मे २०२४ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेचे दोन निवेदक आणले, कृश आणि भूमी. अनेक भाषांत बोलतात, थकत नाहीत. एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, तुमची नोकरी गेली." बाजारभाव आणि पावसाचा अंदाज यंत्राने सांगावा, माझी हरकत नाही. त्याचा 'ळ'ही पुढे सुधारेल. पण तिसऱ्या रांगेतला माणूस काठी टेकीत उठला तर यंत्र काय करील, ते मला पाहायचे आहे.

सभेत काम करणाऱ्या मुलांना दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी घाईने सांगून टाकतो. माईकवर फुंकर मारू नये, टिचकी मारू नये, माईकवाल्याला विचारावे. तोंड आणि माईक यांत चार-सहा बोटांचे अंतर ठेवावे आणि माईक किंचित बाजूला धरावा, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. वक्त्याचे भाषण झाल्यावर ते पुन्हा सांगू नये. लोकांनी ते ऐकलेले असते. टाळ्या मागू नयेत. टाळ्या मागून घेणारा निवेदक आणि लग्नात आहेर मागून घेणारा व्याही यांत मला फरक दिसत नाही. आणि कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी मांडवाची दारे कोठे आहेत ते पाहून ठेवावे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली, ५९ माणसे गुदमरून गेली. अंधारात बसलेल्या प्रेक्षकांना बाहेर पडा असे सांगणारी घोषणा तेथे झालीच नाही. गर्दीत शांत आवाजात "मागच्या रांगेपासून, सावकाश" असे चार शब्द वेळेवर बोलणारा एक माणूस असावा लागतो. मी शाळेत दर सहामाहीला ही तालीम घेतो. मुले हसतात, हसोत.

शेवटची गोष्ट पालकांशी, आणि विशेषतः मुलींच्या वडिलांशी बोलायची आहे. गेल्या वर्षी याच समारंभासाठी दहावीतल्या एका मुलीला मी तयार केले होते. आवाज स्वच्छ, नावे तिने स्वतः घरोघर जाऊन विचारून लिहून आणलेली, मराठी आणि उर्दू दोन्ही सफाईदार. समारंभाच्या दोन दिवस आधी तिचे वडील शाळेत आले. भले गृहस्थ; माझ्याशी अदबीनेच बोलले. म्हणाले, "सर, मुलगी माईकवर उभी राहणार, सगळे पाहणार. लोक काय म्हणतील?" मला त्यांना कुलसुम सयानींविषयी सांगता आले असते. सलमा सुलतान यांच्याविषयी सांगता आले असते. तबस्सुम यांनी १९७२ पासून वीस वर्षांहून अधिक काळ दूरदर्शनवर मुलाखती घेतल्या, घराघरांत लोकांनी पाहिल्या, कोणी वाईट म्हटले नाही, हेही सांगता आले असते. त्या वेळी मला काहीच सुचले नाही. "जशी आपली मर्जी," एवढेच बोललो. दुसऱ्यांना बोलायला शिकवणारा मी, गरज होती तेव्हाच गप्प बसलो.

समारंभाच्या दिवशी तिने लिहिलेला कागद एका मुलाने वाचला. बरा वाचला. ती तेथे, उजवीकडे बायकांच्या भागात चौथ्या-पाचव्या रांगेत बसली होती. तो वाचीत होता आणि तिचे ओठ हलत होते. दोन ठिकाणी तो अडखळला. ती अडखळली नाही. ती आता दहावी होऊन दुसऱ्या गावी शिकायला गेली. त्या वडिलांना मी दोष देत नाही. पण जे त्या दिवशी बोललो नाही ते आज एवढ्या सगळ्यांसमोर बोलतो आहे, म्हणून हा विषय निवडला.

आजच्या कार्यक्रमाचे निवेदन आठवीतली एक विद्यार्थिनी करते आहे, हे आपण पाहिलेच. तिचे आई-वडील दोघेही समोर बसले आहेत. तिने सकाळी मला बजावले होते की सर, तुम्हांला वीस मिनिटे. आताच तिने माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली आहे. तीवर लिहिले आहे, 'वेळ संपली', आणि 'ळ' खाली दोनदा रेघ ओढली आहे. माईक तिच्या हाती देतो.

खुदा हाफिज.